युवराजाच्या मोटारीचा ड्रायव्हर

अंबादासमामांनी ऑस्ट्रियाच्या युवराजाला निदान शंभर वेळा वाचवलं असेल. वाचवून झालं की ते दुसऱ्या कुणाला तरी मारत आणि पहिलं महायुद्ध सुरू करूनच चहा पीत.

चूक माझीच. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि पुंडलिकनगरात मामांच्या शेजारी राहतो. मामा एकटेच, हयातभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेले. एकदा बोलता बोलता मी त्यांना सांगितलं, की युवराजाचा ड्रायव्हर नको त्या रस्त्याला वळला, मागं घ्यायला मोटार थांबवली, आणि पिस्तूलवाला नेमका तिथंच उभा होता. युवराज मेला, त्यातून महायुद्ध पेटलं.

मामांनी एकच विचारलं, "रस्ता बदललाय, हे ड्रायव्हरला कुणी सांगितलं व्हतं का?"

"नाही. सांगायचं राहून गेलं."

"मग त्याचं काय चुकलं?"

तेव्हापासून मामा कामाला लागले. त्यांच्या इतिहासात मोटार सरळ जायची, युवराज घरी जाऊन जेवायचा. "पण सर, लढाई टळत नाय. दारूगोळा समद्यांनी भरून ठेवलेला. आता बगा, हिवाळ्यात रशियाचा झार नाटकाला जातो. पडदा वर, गोळी आरपार. रशिया म्हणतो, जर्मनीचा हात हाय. जर्मनी म्हणतो, साबित करा. झालं, चालली आपली पोरं इंग्रजासाठी लढायला बसऱ्याला."

कधी झाराऐवजी जर्मनीचा बादशहा शिकारीत गोळी लागून मरे, कधी फ्रान्सचा मंत्री स्टेशनावर. दाढी करतानाही हे चालू असे. मग सलूनवाले रफीकभाई वस्तरा थांबवून म्हणत, "मामा, आज एक दिन किसी को मत मारो. गाल कट जाएगा."

मी एकदा म्हणालो, "युवराज वाचला असता तर कदाचित युद्ध झालंच नसतं." मामा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी इटलीची राणी घेऊन आले.

एका दुपारी फाटकाशी मोटार थांबली. नातवाचा हात धरून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. त्यांना दिसत जवळजवळ नव्हतंच. माझ्याशेजारी ओट्यावर बसलेले मामा उठले आणि त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

त्या कन्नडकडच्या पाटलीणबाई. पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यांच्या यजमानांनी लिलावात जीप घेतली, तिच्यावर मामा ड्रायव्हर. पाटलांच्या छातीत कळ आली तेव्हा मामाच त्यांना शहरात आणत होते. वेरूळच्या पुढं पूल उखडलेला, कुणी सांगितलं नव्हतं. माघारी फिरून फुलंब्रीकडून यावं लागलं. पाटील वाटेतच गेले. गाव म्हणालं, ड्रायव्हरनं रस्ता चुकवला. तेरावा झाला आणि मामांनी किल्ली देऊन गाव सोडलं. हे सगळं मला त्या दुपारी दोघांच्या बोलण्यातून कळलं; मामांनी यातलं एक अक्षर मला कधी सांगितलं नव्हतं.

"अंबादासा, उद्या डोळ्याचं आपरेशन हाय," बाई म्हणाल्या. "त्याआधी एक बोलायचं हाय. डॉक्टर मला आधीच म्हणले व्हते, ह्यांचे आठ दिवस निघायचे नाय. मी कुणाला बोलले नाय. लोकं तुला बोलत व्हते, तवाबी गप ऱ्हायले."

मामा म्हणाले, "बाईसाहेब, मालकांनी वाटेत पाणी मागितलं व्हतं. टाइम जाईल म्हणून मी गाडी थांबवली नाय."

बाईंनी चाचपडत त्यांचा हात धरला. "तहान काय, त्यांना सारखीच लागायची," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज सकाळी धुतलेला सदरा घालून डब्यात मऊ भात घेऊन निघत. चावताना बाईंच्या डोळ्याला ताण नको म्हणून. बाईंजवळ सून होती, नातू होता, मोटार होती. तरी मामा बसनं जात आणि दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसून येत.

पट्टी सुटली त्या दिवशी ते लवकर परतले.

"काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं.

"माझ्याकडं लई येळ बगितलं. मग म्हणल्या, किती म्हातारा झालास रे."

हे सांगून मामा हसले. मग भिंतीकडं तोंड करून बसले. मी उठून आत गेलो आणि चहाला आधण ठेवलं.