न दमणारी पेटी

कीबोर्ड विकत घ्यायला गेलेला माणूस काय करतो? चार पट्ट्या वाजवून बघतो. आमचा रघूदादा एकच पट्टी दाबतो आणि सोडत नाही. मान वाकडी करून, दाबून उभा. दुकानात आँऽऽऽ चालूच. दुकानदार आधी हसतो, मग घड्याळ बघतो, मग माझ्याकडे बघतो. मी छताचा पंखा बघतो.

"काका, झालं?"

"रव रे. दमता काय बघतंय."

म्हापशाच्या दुकानात आवाज काय दमला नाही, दुकानदार दमला. जेवायची वेळ झाली म्हणून त्याने शटर अर्धं ओढलं, तेव्हा आम्ही वाकून बाहेर आलो. वाकताना माझी पँट फाटली, ते सोडा.

रघूदादा म्हणजे हळर्णातला माझा शेजारी. माडापोफळींची बाग, म्हणजे कुळागर, राखता राखता म्हातारा झाला, आणि रोज तिन्हीसांजेला पेटी वाजवायचा. तरुणपणी माडावरून पडला तेव्हा त्याचा डावा हात लुळा झाला तो झालाच. आता पेटीला उजवा हात पट्ट्यांवर लागतो आणि डावा भात्यावर. मग भाता कोण मारणार? शालनवहिनी पुढ्यात येऊन बसली, ती जन्मभर तिथेच बसली. तो ह्या बाजूने वाजवायचा, ती त्या बाजूने वारा द्यायची. आम्ही घरात बसून ऐकायचो आणि दिवे लावायची वेळ झाली म्हणायचो.

वहिनी गेली आणि पेटी बंद पडली.

शेजारी म्हणून मी भाता धरून बघितला. मी पिकअप चालवतो. क्लच आणि ब्रेक सोडून माझ्या हातापायांना दुसरं काय येत नाही. पेटीला दमाच लागला. दादा म्हणाला, "मेल्या, वारो घालतंस की निखारे फुलयतंस?" त्याचं बरोबर होतं. देवळातल्या भजनातसुद्धा माझ्या हातचे टाळ काढून घेऊन मला पानाचं तबक फिरवायला दिलंय. ते मात्र मी तालात फिरवतो.

तेव्हा ठरलं, भाता नसलेली पेटी आणायची, विजेवरची. सोबत मी, कारण गाडी माझी आणि "इलेक्ट्रॉनिकातलं मला सगळं कळतं" ही थापपण माझीच. शाळेत मी कधी गेलो, ते माझ्यापेक्षा मास्तरांना जास्त आठवत असेल.

डिचोलीच्या दुकानात एक मुलगी होती, बोलायला गोड. म्हणाली, "नवीन शिकणार ना? मग हा एकसष्ट पट्ट्यांचा घ्या. बारक्या पट्ट्यांचा नको, बोटं अडकतात."

मी जाणकारासारखी मान हलवली आणि विचारलं, "शॉक बसतो?"

ती नाही म्हणाली, म्हणून धीर करून मी एक बटन दाबलं. आतून ढोल, कर्णे, अख्खी वरातच बाहेर पडली. थांबवायला दुसरं दाबलं, तर वरातीत आणखी माणसं शिरली. शेवटी तिनेच वायर उपसली. दादा म्हणाला, "ह्येका गाडयेत बसवन ये गो."

"ह्याला हेडफोनपण लागतो," ती मला सोडून दादाला समजावू लागली. "मग तुम्ही वाजवलेलं कोणाला ऐकू जात नाही."

"मगे वाजवूचा कशाक?"

ती हसली. मग तिने हळू दाबलं तर हळू आवाज, जोरात दाबलं तर जोरात, असं करून दाखवलं. "बघा काका, सगळं तुमच्याच हातात."

दादाने पट्टीवरचं बोट उचललं. "सगळां माझ्याच हातात?"

"हो!"

"मगे दुसऱ्याचा काय?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. त्या दुकानात पंखापण नव्हता.

येताना गाडीत दादा आपणच बोलायला लागला. "सकाळी माझा नि तिचा वाजला की सांजेक पेटी बारीक. कितीय जोर लावन दाब, बारीकच. तोंडान काय बोलायची नाय ती. पेटीतसून कळायचां माका. आणि चवथीक माहेराक जावन इली की असो वारो घालायची, असो वारो, पट्टी बोंब मारी."

"मग हे विजेचं कशाला घेतोस?"

"घरात आवाज नाय रे, मेल्या."

पुढच्या आठवड्यात डिचोलीतला तोच कीबोर्ड घेतला. दादाने तो वसरीवर टेबलावर मांडला आणि वाजवला. सूर एकदम साफ. शेजारच्या बायका दारात आल्या. मला वाटलं, जमलं. एवढ्यात दादा मध्येच थांबला.

"काय झालं?"

"बरो वाजता."

"मग?"

"बरोच वाजता."

बायका गेल्या. दादाने टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. मग म्हणाला, "ती कदेल घे आणि हंय बस, पुढ्यात."

मी खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडे बसलो. त्याने आवाजाचं गोल बटन मला दाखवलं. "ह्यां तुझ्याकडे. तू फिरव."

"कधी कमी करू? कधी जास्त?"

"तां तुझा तू बघ. माका सांगा नको."

आता मला काय कळतंय! पहिल्यांदा असं फिरवलं की माडावरचे कावळे उडाले. मग इतकं कमी केलं की त्याने वायर तपासली. "तसां नाय रे," तो म्हणाला, पण उठ म्हणाला नाही. परत सुरुवात केली. भजन मध्यावर आलं तेव्हा, का कोण जाणे, मी बटन थोडं डावीकडे नेलं. आवाज बारीक झाला. त्याने बोटं जोरात दाबली. तरी बारीकच.

ह्या वेळी तो थांबला नाही. मान खालीच. वाजवता वाजवता एकदम हळू बोलला, "काय झालां गो?"

जन्मभर मी जोक मारत आलो. पण ह्याचं उत्तर पेटीतूनच द्यायचं होतं.  बटन हळूहळू उजवीकडे फिरवत नेलं.