दहापैकी किती?

परीक्षक बाई यायच्या आत हेडमास्तरांना लघवी झाली नाही, तर आपलं वर्ष बुडालंच, याबद्दल भिंगरीच्या मनात शंका उरली नव्हती.

नर्सिंगची ही विद्यार्थिनी पुरुषांच्या वॉर्डात सदान् कदा गरगर फिरताना दिसे, म्हणून पेशंटांनीच तिचं नाव भिंगरी पाडलं होतं. गेल्या खेपेला ती याच प्रॅक्टिकलला नापास झाली होती. पेशंटच्या पोटात पाणी किती गेलं आणि बाहेर किती आलं, याचा मेळ घालताना तिनं घाबरून फुलदाणीतलं पाणीही पेशंटच्या नावावर टाकलं होतं. आता ही शेवटची संधी. पुन्हा आपटली, तर अख्खं वर्ष परत.

यंदा तिच्या वाट्याला आलेले पेशंट म्हणजे निवृत्त हेडमास्तर. काल हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, सकाळी लघवीची नळी काढलेली. आता त्यांना आपलं आपण व्हायला हवं होतं. पण मास्तरांचा सगळा जन्म वर्गात शांतता राखण्यात गेलेला. पडद्याआड का होईना, भरल्या वॉर्डात तसला आवाज करायचा, या कल्पनेनंच त्यांचं सगळं आखडून बसलं होतं.

"मास्तर, झाली का?"

"होईल. घाई करू नकोस. पेपर सोडवताना मी मुलांनाही कधी घाई केली नाही."

"अहो, आज माझी परीक्षा आहे. दहा मार्कांची! तुमच्या लघवीवर सगळं अडलंय."

हे ऐकून मास्तर विरघळले. पोरीला तेवढीच मदत म्हणून त्यांनी ग्लासामागून ग्लास पाणी ढोसायला सुरुवात केली. पाणी आत जात होतं, बाहेर यायचं मात्र नाव घेत नव्हतं.

भिंगरी धुतलेल्या चादरी आणायला गेली आणि शेजारच्या खाटेवर हालचाल झाली. तिथं ट्रक ड्रायव्हर पायाला प्लास्टर घालून पडला होता. दिलदार गडी, दुसऱ्याचं अडलेलं त्याला बघवत नसे. दोन खाटांच्या मध्ये लटकवलेलं मास्तरांचं लघवीचं भांडं त्यानं हात लांब करून ओढून घेतलं आणि पांघरुणाखाली नेलं.

"अहो, हे काय करताय?" मास्तर दबक्या आवाजात ओरडले. "ही शुद्ध कॉपी आहे!"

"मग तुम्ही लिवा की तुमचा पेपर!"

मास्तरांचा पेपर कोरा होता.

"शिंपीमामा, तुमचं काही आहे का?" ड्रायव्हरनं पलीकडच्या खाटेवर विचारलं.

"आहे की. पोरीसाठी एवढंही नाही करायचं?"

भांडं तिकडे गेलं आणि काठोकाठ भरून परत आलं. चादरी घेऊन आलेल्या भिंगरीनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की खरं सांगायला उघडलेलं तोंड मास्तरांनी पुन्हा मिटलं. भिंगरीनं घाईघाईनं मापाच्या जारमध्ये ओतलं, आकडा तक्त्यावर मांडला, आणि तेवढ्यात दाराशी चपलांचा आवाज झाला. अख्खा वॉर्ड झोपल्या झोपल्या ताठ झाला.

परीक्षक बाई अंगानं किरकोळ, पण नजरेनं समोरच्याचं पाणी करणाऱ्या. त्या मास्तरांच्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून भिंगरीला हळू आवाजात म्हणाल्या, "पेशंटचं दुखणं शून्य ते दहात कसं मोजतेस, दाखव."

भिंगरी मास्तरांकडे वळली. "मास्तर, सांगा बरं, दहापैकी किती?"

मास्तरांच्या ओटीपोटात एव्हाना कळा येत होत्या. पण परीक्षा दहा मार्कांची, बाई समोर उभ्या आणि प्रश्न 'दहापैकी किती'. म्हणजे या पोरीला किती मार्क द्यायचे, हेच विचारताहेत, असं त्यांनी धरलं. हाडाच्या शिक्षकाला दुसरं काय सुचणार? त्यांनी कळ दाबली, भिंगरीला आपादमस्तक न्याहाळलं आणि निकाल दिला, "साडेपाच."

वॉर्डात एकच गलका उसळला.

"साडेपाच? मास्तर, हात जरा सैल सोडा की!" ड्रायव्हर कळवळला.

"त्यांच्याकडनं साडेपाच म्हणजे लॉटरीच समजा," नुकत्याच येऊन स्टुलावर टेकलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या. "एवढा संसार झाला, माझ्या स्वयंपाकाची गाडी काही पाचाच्या पुढे सरकली नाही."

"बाई, माझ्याकडनं दहा लिवा!" ड्रायव्हर म्हणाला.

"माझेही दहा!" शिंपीमामांनी हात वर केला.

"इकडचे बारा!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं.

परीक्षक बाई गर्रकन वळल्या. दहापैकी दहा दुखत असलेला ड्रायव्हर निवांत बिस्कीट खात होता.

"तुम्हाला दहा? कशामुळे?"

"या पोरीमुळे! दुसरं कशामुळे?"

"हिच्यामुळे?"

"तर! ही वॉर्डात यायच्या आधी आमचं दोनाच्या वर काही जात नव्हतं बघा."

घोळ कुठं झालाय ते भिंगरीच्या ध्यानात आलं, पण खुलासा करायला बाई उसंत देईनात. बाईंनी भुवया जिथं चढवल्या होत्या, तिथून त्या आता खाली येणार नव्हत्या. त्यांनी तक्ता ओढून घेतला आणि भुवया आणखी वर गेल्या.

"प्यायलेत त्याच्या दुप्पट बाहेर? हा माणूस आहे की फुटलेली टाकी? एवढं पाणी गेलं तर सुकून जातील हे. डॉक्टरांना सांगून ताबडतोब सलाईन लावून घेऊ."

भिंगरीनं मास्तरांकडे पाहिलं. एवढं मोकळं झालेला माणूस सुखानं पडून राहायला हवा. हे तर घामानं डबडबले होते, गुडघे पोटाशी घेतलेले, मुठीत चादर आवळलेली. तिनं त्यांच्या ओटीपोटावर अलगद हात ठेवला. पोट ढोलासारखं ताणलेलं होतं.

"आई गं!" मास्तर किंचाळले.

आता बोलावं, तर तक्ता खोटा ठरतो आणि वर्ष जातं. न बोलावं, तर या तुडुंब पोटात वरून आणखी बाटली चढते. भिंगरीला रडूच आलं, पण रडत रडत का होईना, ती बोलली.

"मॅडम, सलाईन नको! माझा आकडा चुकलाय. यांना अजून झालेलीच नाहीये."

"मग जारमध्ये आहे ते कुणाचं?"

हळूहळू ड्रायव्हरचा हात वर गेला. मग शिंपीमामांचा.

"आणि तुमचं दुखणं फक्त साडेपाच?" बाईंनी मास्तरांना विचारलं.

"दुखण्याचं विचारलं कुणी? मी पोरीला मार्क दिले! दुखणं दहा आहे हो, दहा! आता अकरा झालं!"

मग भिंगरीची खरोखरची भिंगरी झाली. तिनं पडदा ओढला, मास्तरांना टाक्यांवर उशी धरायला लावून सावकाश उभं केलं, हातात भांडं दिलं आणि बाहेर येऊन ओरडली, "मास्तरीणकाकू, बेसिनचा नळ सोडा! आणि बाकीचे सगळे बोला, मोठमोठ्यानं बोला! गप्प कुणी बसायचं नाही!"

ड्रायव्हरनं रिव्हर्स घेताना क्लीनर ओरडतो तशी आरोळी ठोकली. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्याऽऽ!" शिंपीमामा न आलेल्या गिऱ्हाइकाशी बाहीच्या लांबीवरून भांडू लागले. नळ धो धो वाहत होता. त्या गोंधळात पडद्यामागून आणखी एक धार सुरू झाली, आणि तिच्यामागोमाग मास्तरांचा असा काही सुस्कारा आला, की वॉर्डानं टाळ्यांचा कडकडाट केला.

"आता दहापैकी किती?" बाईंनी पडद्याबाहेरून विचारलं. "दुखणं विचारतेय हं, दुखणं."

"शून्य!" मास्तर म्हणाले. एवढ्या आनंदानं त्यांनी आजवर कुणालाच शून्य दिलं नव्हतं.

परीक्षक बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "जारमधलं कुणाचं, ते न बघता आकडा घेतलास, एक मार्क गेला. दहा म्हणजे काय, ते पेशंटला समजावलं नाहीस, दुसरा गेला. आणि तुझं भांडं गावभर फिरून आलं, तिसरा गेला. पण पेशंटकडे बघितलंस, आणि चूक कबूल केलीस. सात. पास."

भिंगरी मटकन स्टुलावर बसली. बाई दाराकडे निघाल्या. तोच पडदा सर्रकन बाजूला झाला आणि एका हातानं उशी सावरत मास्तर बाहेर पडले.

"सात? बाई, थांबा! भांडं फिरवलं या लोकांनी, मार्क तिचा का म्हणून कापला? मी फेरतपासणी मागतो!"

"अहो, परत फिरा! टाके!" मास्तरीणबाई ओरडल्या.

"टाक्यांचं नंतर बघू!" मास्तर पाय ओढत दरवाजापर्यंत पोचले. मागून भिंगरी त्यांच्या गाऊनच्या नाड्या धरून धावत होती. आयुष्यभर मुलांच्या तोंडचा अर्धा मार्क काढून घेणारा हा गृहस्थ व्हरांड्यात उभा राहून, परक्या पोरीसाठी एका मार्कावरून तावातावानं भांडत होता.

"बरं, बरं, आठ!" बाई अखेर हात जोडून म्हणाल्या. "पण आत्ताच्या आत्ता जाऊन झोपायचं!"

मास्तर शहाण्या मुलासारखे खाटेवर येऊन आडवे झाले. भिंगरीनं डोळे पुसत त्यांना पांघरूण घातलं. त्यांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि बाई गेल्याची खात्री करून घेतली.

"खरं सांगू का पोरी?" ते कुजबुजले. "मी असतो, तर सहाच दिले असते."