मोम्बासाला एक दिवस उतरणाऱ्यांसाठी न्युरेम्बर्गहून सूचना

एखाद्या गावाची खरी माहिती हवी असेल, तर त्या गावी कधीही न गेलेल्या माणसाला गाठावं. गेलेला माणूस बिचारा आपल्याला दिसलं तेवढंच सांगतो. त्याला एक रस्ता आठवतो, एक खानावळ आठवते, आणि त्या खानावळीत पोट बिघडलं असेल तर सबंध शहर पोटावरून आठवतं. न गेलेल्याला अशी कुठलीच मर्यादा नसते. लोक याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. उंटावरून शेळ्या जास्त दिसतात, हा साधा मुद्दा कोणी लक्षात घेत नाही.

हा मुद्दा लक्षात घेऊनच न्युरेम्बर्गच्या आमच्या मराठी मंडळाने १९६७ साली मोम्बासा मार्गदर्शन समिती नेमली. मी तिचा चिटणीस. समितीत नऊ सभासद होते. पैकी मोम्बासाला गेलेले शून्य, आफ्रिकेच्या भूमीवर पाय ठेवलेले शून्य, आणि जर्मनीला येताना बोटीतून आफ्रिकेचा किनारा ज्यांच्या जवळून गेला असे सहा (त्यातले चार त्या वेळी केबिनमध्ये ओकत होते). एवढी निःपक्षपाती समिती जर्मनीत दुसरी नसावी.

समिती नेमायचं कारण भास्कर कानविंदे. भास्कर मूळचा मालवणचा. शेजारच्या एर्लांगेनला पाच वर्षं राहून त्याने घर्षण कमी कसं करावं या विषयात डॉक्टरेट मिळवली, आणि आता तो कायमचा परत निघाला होता. त्या जूनमध्ये सुएझ कालवा बंद झाला. त्यामुळे जेनोवाहून मुंबईला जाणारी बोट सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जाणार होती, आणि वाटेत एक दिवस मोम्बासाला थांबणार होती. मोम्बासाला सुधा नाबर राहत होती. वडील बंदराच्या कचेरीत, ती मुलींच्या शाळेत शिक्षिका. दोघांचा दीड वर्षं पत्रव्यवहार चालला होता आणि गाडी लग्नापर्यंत आली होती. पण तिने स्पष्ट लिहिलं होतं, की एकदा समोरासमोर बोलल्याशिवाय ती हो म्हणणार नाही. तिकडे नैरोबीच्या रेल्वेतल्या एका इंजिनिअरने मागणी घातलेली होती आणि वडील त्याला फार दिवस ताटकळत ठेवायला तयार नव्हते. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दिवसात. अशा नाजूक प्रसंगी माणसाला एकटं सोडणं आमच्या मंडळाच्या स्वभावात नाही.

समितीचे अध्यक्ष श्यामकांतराव उपासनी. ते न्युरेम्बर्गला आठ वर्षं असल्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचा शब्द शेवटचा असे. सभा त्यांच्याच घरी, शनिवारी चार वाजता भरे, कारण मालिनीवहिनी चहा चांगला करत. पहिल्याच सभेत वहिनी कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, ती मुलगी तिथेच राहते ना? तिलाच विचारा की."

"आल्झो, म्हणजे असं बघ मालिनी," श्यामकांतराव समजुतीने म्हणाले, "ती तिथे राहते म्हणूनच तिला विचारता येत नाही. पाण्याबद्दल माशाला विचारतं का कोणी?"

वहिनींनी पुढचा कप जरा जोरात ठेवला. खरं तर सुधाने न विचारताच सल्ला पाठवला होता. तिच्या पत्रात एक ओळ होती, 'टोपी आणा, बाकी मी आहे.' ही ओळ समितीपुढे दोनदा वाचण्यात आली. 'बाकी मी आहे' यात एकही सूचना सापडली नाही. टोपीच्या जागी छत्री सुचवून पत्र दप्तरी दाखल केलं.

मग अभ्यासाला सुरुवात झाली. हवामानाचा प्रत्यक्ष अनुभव घ्यायचा म्हणून सबंध समिती एका रविवारी शहराच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पाणघोड्याच्या घरात अर्धा तास उभी राहिली. निष्कर्ष: उष्ण, दमट, वास. विनय घैसास हा पदार्थविज्ञानात संशोधन करणारा आमचा सभासद. त्याने घामाचा आलेख काढला, पण त्यात पाणघोड्याचाही घाम धरला गेल्याने तो थोडा वर गेला. माझ्या घरमालकीण फ्राउ ह्यूब्नर यांची साक्षही झाली. त्यांच्या कैलासवासी यजमानांच्या चुलतभावाचा हत्तीशेजारी काढलेला फोटो होता. तो हत्ती एका सर्कशीतला होता, असं मागाहून कळलं. पण तोवर हत्तीविषयक सूचना मंजूर झाली होती, आणि मंजूर झालेली सूचना मागे घेण्याची तरतूद आमच्या घटनेत नाही.

जर्मनीत कुठल्याही कामाचं एक मर्कब्लाट असतं, म्हणजे माहितीचा छापील कागद. जिना कसा पुसावा याचंही असतं. तेव्हा आम्हीही मर्कब्लाट काढलं, पाठपोट, आणि खाली मंडळाचा शिक्का मारला. (शिक्का बटाट्यात कोरला होता. त्या बटाट्याची वहिनींनी नंतर भाजी केली. ती थोडी निळी झाली, पण चवीला बरी होती.) सगळं मर्कब्लाट इथे देत नाही, हत्तीचा भाग तर गाळतोच. नमुन्यादाखल काही सूचना देतो.

सूचना ३. परक्या बंदरात कोणी आपले नाव घेऊन आपल्याच भाषेत बोलू लागल्यास तो ठग समजावा. प्रथम ओळखपत्र मागावे.

सूचना ६. मौल्यवान वस्तू बोटीवर ट्रंकेत ठेवाव्यात. (मौल्यवान म्हणजे जी हरवल्यास वाईट वाटेल ती. अंगठी, घड्याळ, आवडत्या माणसांचे फोटो.)

सूचना ९. वाहनात बसण्यापूर्वी भाडे ठरवावे. चालक सांगेल त्याच्या एक तृतीयांश द्यावे. ओळख दाखवणाऱ्या चालकापासून विशेष सावध राहावे.

सूचना ११. ज्यावर कारखान्याचे नाव नाही असे कोणतेही पेय घेऊ नये. मासे खाऊ नयेत.

सूचना १४. अकरा ते चार उन्हात उभे राहू नये. इतरांनाही राहू देऊ नये. (दुसरं वाक्य फक्त मसुद्यात होतं. छापताना बहुमताने नामंजूर झालं, जागा पुरत नव्हती.)

भास्कर निघण्यापूर्वीच्या शेवटच्या सभेत मर्कब्लाट समारंभपूर्वक भास्करच्या हातात देण्यात आलं. आभारप्रदर्शन झालं. वहिनी त्याला दारापर्यंत पोचवायला गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "भास्करभावजी, हा कागद समुद्रात टाका आणि तिच्याशी नीट बोला." भास्करने हे प्रामाणिकपणे समितीच्या कानावर घातलं. समुद्रात कागद टाकणं नियमाला धरून आहे का, याची चौकशी करायचं ठरलं.

पुढची हकीकत भास्करने मुंबईहून पाठवलेल्या अहवालावरून देतो. अहवाल उत्तम आहे. माणूस डॉक्टर असल्याचं पदोपदी जाणवतं.

सकाळी बोट धक्क्याला लागली. भास्कर छत्री, उकळलेल्या पाण्याची बाटली आणि मर्कब्लाट घेऊन खाली उतरला. निळ्या साडीतली एक मुलगी थेट त्याच्याकडे आली आणि म्हणाली, "भास्कर ना? मी सुधा."

नाव घेतलं होतं आणि भाषा मराठी होती. सूचना ३ इतक्या लवकर लागू होईल असं समितीलाही वाटलं नव्हतं. भास्करने विचारलं, "आपल्याकडे आउसवाइस आहे का?"

"काय?"

"ओळखपत्र. फोटो असलेलं."

ती हसली. "माझा फोटो तुमच्याकडेच आहे की."

"तो ट्रंकेत आहे," भास्कर म्हणाला. (सूचना ६.)

तिला वाटलं थट्टा आहे. तिने हातातलं शहाळं पुढे केलं. खास त्याच्यासाठी आणलं होतं, मालवणच्या माणसाला पाच वर्षांत मिळालं नसेल म्हणून. भास्करने ते चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. कारखान्याचं नाव कुठेच नव्हतं. तोंडाला पाणी सुटलं होतं असं तो स्वतःच लिहितो, पण शहाळं त्याने परत दिलं आणि बाटलीतलं उकळलेलं पाणी प्यायला.

मग ती त्याला गाडीकडे घेऊन गेली. गाडीत नाबरकाका, तिचे वडील, चक्र धरून बसले होते. "या, या, बसा. घरी हिची आई वाट बघतेय. सुरमई आणलीय."

भास्कर दाराशीच थांबला. "किती घ्याल?"

"मी सुधाचा बाप आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," भास्कर म्हणाला. "तरी आधी ठरलेलं बरं."

नाबरकाका कोकणातलेच. ते म्हणाले, "काय द्यायचं ते द्या हो, बसा तर खरं." पण आकडा काही सांगेनात, आणि आकडाच नसल्यामुळे त्याचा एक तृतीयांश काढता येईना. गाडी तिथेच राहिली. (विनयने नंतर दाखवून दिलं, की शून्याचा तिसरा हिस्साही शून्यच, तेव्हा बसायला गणिताची काही हरकत नव्हती. पण विनय न्युरेम्बर्गला होता.)

एवढ्यात अकरा वाजले. भास्करने दोघांना नम्रपणे नमस्कार केला, चारला परत येतो म्हणून सांगितलं आणि बोटीवर जाऊन डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पडला. केबिनच्या गोल खिडकीतून धक्का दिसत होता. धक्क्यावर सगळं शहर उन्हात हिंडत होतं. हमाल पोती वाहत होते, बायका बाजार करून येत होत्या, आणि सुधा उभी होती. नाबरकाकांनी तिला दोनदा गाडीत बसायला बोलावलं, पण ती हलली नाही. अहवालात भास्कर लिहितो, 'ती उन्हात उभी असल्याचे पाहून काळजी वाटली. तिच्याजवळ मर्कब्लाट नव्हते.'

चार वाजता तो खाली आला. बोट पाचला सुटायची होती. सुधा आता हसत नव्हती.

"हे बघा," ती म्हणाली, "तुमची पत्रं वाचून मला वाटायचं, हा माणूस माझ्याशी बोलतोय. सकाळपासून मी समितीशी बोलतेय. एकच विचारते. मी तुम्हाला पसंत आहे का? तुम्हाला. तुमचं स्वतःचं काय मत?"

भास्करने मर्कब्लाट पाहिलं. मग उलटून मागची बाजू पाहिली. या मुद्द्यावर सूचना नव्हती, हे मी चिटणीस या नात्याने मान्य करतो. तेव्हा आपल्याकडे मुलगी बघून निघताना मुलाकडची माणसं जे म्हणतात, तेच तो थोडा फरक करून म्हणाला, "न्युरेम्बर्गला विचारून कळवतो."

सुधाने पदराने कपाळ पुसलं. "कळवू नका," ती म्हणाली, आणि वडिलांच्या शेजारी जाऊन बसली. गाडी या वेळी लगेच सुटली.

भास्करची तार आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाली. समितीची तातडीची सभा होऊन मुलगी एकमताने पसंत करण्यात आली, आणि तसं मोम्बासाला तारेने कळवण्यात आलं. त्या तारेला उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी नैरोबीच्या इंजिनिअरशी तिचं लग्न झाल्याचं समजलं. समितीने नवदांपत्यास अभीष्टचिंतनाचा ठराव पाठवला.

अहवालाच्या शेवटच्या पानावर भास्करने लिहिलं होतं, 'मला ती फार आवडली होती. किनारा दिसेनासा झाल्यावर मी केबिनमध्ये जाऊन रडलो.' श्यामकांतरावांनी या दोन वाक्यांसमोर 'विषयाबाहेर' असा शेरा मारला. बाकी अहवाल समाधानकारक होता. घड्याळ सुरक्षित, पाकीट सुरक्षित, पोट उत्तम, ऊन लागलं नाही, ठगांकडून फसवणूक नाही, हत्तीपासून इजा नाही. सूचनांचं यश शंभर टक्के धरण्यात आलं. एक नवी सूचना तेवढी जोडली, की पसंतीचा निर्णय बोटीवर चढण्यापूर्वीच न्युरेम्बर्गहून घेऊन जावा.

त्या सभेत मालिनीवहिनींनी चहा केला नाही. त्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही नऊ जणांनी मिळून एका पोराचं वाटोळं केलंत. आणि तुमच्यापेक्षा जास्त राग मला त्याचा येतो. पाय मोम्बासाला आणि मान इकडे. दीड वर्षं जिला पत्रं लिहिली, ती समोर उभी, आणि हा कागद वाचतोय." एवढं बोलून त्या उठून आत गेल्या. चहाबद्दल त्यांना समितीत दिलेली पाहुण्या सभासदाची जागा तेव्हापासून रिकामी आहे, आणि चहा विनय करतो (म्हणजे पिववत नाही).

आता वाचक म्हणतील, भास्करने सरळ गाडीत बसायला हवं होतं. शहाळं प्यायला हवं होतं. आणि तिने विचारलं तेव्हा 'हो' म्हणायला काय लागत होतं? वाचताना हे आपण दोन-तीनदा मनात म्हणालात. आपण मोम्बासाला गेलेले नाहीत. सुधाला आपण कधी पाहिलेलं नाही, आणि भास्करची नि आपली ओळख जेमतेम दहा मिनिटांची. तरी त्याने त्या दिवशी काय करायला हवं होतं, याबद्दल आपल्या मनात तिळमात्र शंका नाही.

जागा रिकामी आहे हे वर सांगितलंच. सभा शनिवारी चारला असते. आपली निवड बिनविरोध झाली आहे, असं समजावं.