मयताच्या घरचं लग्न

सादिरने घरी पोचायच्या आधीच निरोप धाडला होता, की माझी कुणी काही काळजी करू नका, मला काहीही चालतं. सोळा वर्षं पाषाणमठात काढलेल्या माणसाने असं म्हणणं काही चूक नव्हतं. हा मठ पृथ्वीपासून लांब, एका ओसाड लघुग्रहाच्या पोटात कोरलेला. त्या अंगाला पाणी मिळतं ते बर्फाच्या लाद्यांमधून, आणि बर्फ म्हटला की हिमचोर आलेच. त्यांच्यापासून बर्फाच्या तांड्यांची राखण करायची, हे तिथल्या भिक्षूंचं काम. सादिरने एकदा नुसत्या काठीने सात हिमचोर आडवे केले होते आणि मग बसून त्यांच्या जखमाही बांधल्या होत्या. भिंतीपलीकडच्या माणसाच्या काळजाचे ठोके त्याला मोजता येत. अकरा दिवस तो अन्नावाचून राहू शके. राग शेवटचा कधी आला होता ते त्याला आठवतच नव्हतं. हे सगळं तो अगदी नम्रपणे सांगायचा, कुणी विचारलं नाही तरी.

तर अशा या सादिरला भाची नुरझातच्या लग्नासाठी नऊ दिवसांची रजा मिळाली आणि तो लग्नाच्या सकाळीच सरोवराकाठच्या आपल्या गावी उतरला. कुरणात लोकरीच्या जाड नमद्याचे पांढरे तंबू लागले होते, त्यांवर लाल पट्टे बांधले होते. थोरली बहीण बुरुलचा त्याच्या गळ्यात पडली, रडली, डोळे पुसले आणि ताबडतोब त्याला जेवायला बसवलं.

इथेच पहिला घोटाळा झाला. मठाचा नियम असा, की पाहुणा म्हणून गेलेल्या भिक्षूने वाडग्यात पडलेलं नाकारायचं नाही. सादिरने हा नियम बहिणीला मोठ्या कौतुकाने सांगितला. सोळा वर्षं ज्या भावाला दोन घास भरवता आले नाहीत, तो आता नाही म्हणू शकत नाही, हे कळल्यावर बुरुलचा थांबते कशाला? मेंढीच्या शेपटीची चरबी झाली, शेवया झाल्या, बोर्सोकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, ढीग झाला, घोडीच्या दुधाचं आंबूस कुमिस पाच वाडगे झालं. मठात हा माणूस दिवसाला एक वाटी शेवाळाची पेज पीत असे. सहाव्या वाडग्याला त्याला समोरचं नीट दिसेना. तरी तोंडावरचं स्मित त्याने ढळू दिलं नाही.

तेवढ्यात बुरुलचा त्याच्या कानाशी लागली. म्हणाली, कालिपा आपा आल्यात. या कालिपा आपा म्हणजे नवऱ्यामुलाची, तेमिरची आजी. वय ऐंशीच्या पुढे, आणि पलीकडच्या खोऱ्यात त्यांच्या शब्दावाचून मेंढरूही वाट बदलत नाही अशी ख्याती. हे लग्न त्यांच्या मनात नव्हतं. ज्या घरातला एकुलता एक मुलगा आभाळात निघून गेला आणि आईला माती द्यायलाही फिरकला नाही, त्या घरची मुलगी आपल्याकडे कशी टिकेल, असं त्या येताजाता बोलून दाखवत होत्या.

"तू जाऊन बस त्यांच्याजवळ," बुरुलचा म्हणाली. "चार शब्द गोड बोल. माझ्या नुरझातचं सगळं आता तुझ्यावर आहे."

सात हिमचोरांपुढे ज्याची पापणी हलली नव्हती, तो सादिर एका आजीपुढे जायला धजेना. आलोच, असं म्हणून तो मागच्या तंबूत गेला आणि रचून ठेवलेल्या रजयांच्या आडोशाला मन शांत करायला बसला.

मठाची एक विद्या आहे, तिला पाषाणबैठक म्हणतात. श्वास नाभीखाली नेऊन बसवायचा, काळीज हळू हळू मंद करायचं. अंग दगडासारखं थंड पडतं, मन तळ्यासारखं निवांत होतं. अर्धी घटका बसू आणि ताजेतवाने होऊन आजीपुढे जाऊ, असा सादिरचा बेत. पण मठात ही बैठक उपाशीपोटी घालतात. चरबी, शेवया आणि सहा वाडगे कुमिस पोटात घेऊन ती आजवर कुणी घातली नव्हती, त्यामुळे पुढे काय होतं हे पोथीत नाही. सादिर सरोवरात धोंडा पडावा तसा खाली गेला, तो थेट तळाशी. बैठकीत नेहमी मिनिटाला नऊ ठोके पडायचे, ते दोनावर आले. मग तो हळूच एका कुशीवर कलंडला आणि तसाच राहिला. बोट हलेना, पापणी उघडेना. शाबूत होते ते फक्त कान. आता ऊब आपल्या पावलांनी परत येईल तेव्हाच उठायचं, आणि त्याला किमान चार तास लागणार, हे त्याला त्या अवस्थेतही कळून चुकलं.

त्याला शोधत आली ती नुरझातच. तिने हाक मारली, हात धरला, हात बर्फासारखा लागला. मग जी किंकाळी उठली तिने कुरणातले घोडे उधळले.

गावच्या वैद्ययंत्राला बोलावणं गेलं. चार पायांचं, बकरीएवढं ते यंत्र तुरुतुरु चालत आलं. नियमाप्रमाणे त्याने सादिरच्या छातीला आपली थंड चकती लावली आणि नियमाप्रमाणेच पंधरा सेकंद ऐकलं. सादिरच्या काळजाचा पुढचा ठोका सतराव्या सेकंदाला पडला. तोवर यंत्राने चकती उचलून मृत्यूची नोंद केली होती. फार अदबीच्या आवाजात त्याने दुःखात सहभागी असल्याचं कळवलं आणि कारण सांगितलं, अतिभोजन.

मीच मारलं त्याला, एवढंच बुरुलचा म्हणत राहिली.

पुढचं सगळं सादिरला पडल्या पडल्या ऐकू येत होतं. तंबूंवरचे लाल पट्टे उतरवल्याचा आवाज आला. त्या खोऱ्यात उन्हाळ्यात माणूस त्याच दिवशी मातीत जातो, म्हणून चार जण कुदळी-फावडी घेऊन टेकडीवर गेले. बाहेर कालिपा आपांनी जाहीर केलं, की मयताच्या घरी लग्न लागत नाही, वर्षभर थांबावं लागेल, मग पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे म्हणजे काय ते सगळे समजले. सादिरला तंबूच्या भिंतीपलीकडे दोन काळजं अगदी जवळजवळ धडधडताना ऐकू आली. एक नुरझातचं आणि एक तेमिरचं.

मग शोकगीताची वेळ झाली. बायका कडेने बसल्या आणि रिवाजाप्रमाणे बहिणीने तान घेतली. माझा बहिरी ससाणा, आमच्या कुळाचा डोंगर, आभाळाला लावलेला खांब, असं बुरुलचाने सुरात सुरू केलं. सादिरला बरं वाटलं, नाही म्हटलं तरी. पण चौथ्या ओळीवर ती अडखळली, आणि सूर सोडून सरळ बोलायलाच लागली.

"खांब कसला? खांब एका जागी तरी असतो. आई तीन दिवस दाराकडे बघत होती. मी तिला सांगत होते, निघालाय गं, वाटेत आहे. ती गेली तेव्हाही मी तिला हेच सांगत होते. सोळा वर्षांत एकदा आलास, तो मरायला. तेही लग्नाच्या दिवशी. तुला दुसरा दिवस मिळाला नाही?"

बायकांनी तिला सावरायला हात पुढे केले, पण ती काही थांबली नाही. लहानपणी त्याने हरवलेल्या शिंगरापासून सगळं निघालं.

आईच्या आजारपणाचा निरोप सादिरला मठात मिळाला होता. तेव्हा मन हलू नये म्हणून तो दोन दिवस पाषाणबैठक घालून बसला होता. गुरूंनी शाबासकी दिली होती, आणि त्यालाही तो आपला पराक्रम वाटला होता. आता इथे, मेंढीच्या चरबीने भरलेल्या पोटाने आडवं पडलेलं असताना, त्याला तो पराक्रम काही केल्या सापडेना. पाषाणबैठकीत अश्रू येत नाहीत असं पोथीत स्पष्ट लिहिलं आहे. सादिरच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला आणि कानाकडे ओघळला.

तो पाहिला एकट्या कालिपा आपांनी. रिवाज म्हणून त्या मयताच्या उशाशी येऊन बसल्या होत्या. त्यांनी बायकांना चहा प्यायला बाहेर पिटाळलं आणि वाकून सादिरच्या कानात बोलू लागल्या.

"मी तीन नवरे पुरलेत. मेलेला माणूस कसा दिसतो ते मला बकरीकडून शिकायला नको. उठता येत नाही ना? मग पडून ऐक. मी हे लग्न मोडायला आले होते. पण तुझी बहीण आता बघितली. मेल्यावरही जी माणसाला सोडत नाही, ती जित्या माणसाला कशाला सोडेल? असल्या घरची मुलगी मला हवी. पण वर्षभर थांबा म्हणून मी चारचौघांत बोलून बसले, आता शब्द फिरवायचा तर मयत उठायला हवं. तेव्हा जरा घाई कर, बाळा."

आणि त्या बाहेर गेल्या, त्यांनी सांगितलंही, की तो जिवंत आहे. काही उपयोग झाला नाही. बिचारीने धसका घेतला, असं सगळे म्हणाले. त्यांना सावलीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि गरम चहा दिला. आपा चिडल्या तशी लोकांची खात्रीच पटली. यंत्राने तपासलंय आपा, आता मनाची समजूत घाला, असं तेमिरनेही सांगितलं, तेव्हा त्याला त्यांनी काठी मारली.

इकडे आंघोळ घालायला बुरुलचाचा नवरा माम्बेत आला, बरोबर दोन शेजारी. माम्बेत अतिशय सज्जन आणि सावकाश माणूस. एक काम हातात असलं की त्याच्या डोक्यात दुसरं शिरत नसे. बादलीतलं कोमट पाणी घेऊन त्याने डोक्यापासून सुरुवात केली. रडत रडत तो म्हणत होता, की माणूस चांगला होता, जेवायचा जरा जास्त. सादिर जिवाच्या आकांताने नाभीतली ऊब वर ओढत होता. ती आता छातीपर्यंत आली होती, खांद्यापर्यंत आली होती, पण जीभ अजून लाकडाचीच होती.

मग माम्बेत तळपायांशी आला.

मठात सादिरला थंडी सोसायला शिकवलं होतं. हिमचोरांच्या विजेच्या चाबकाचे फटके त्याने मोजून घेतले होते. पण सोळा वर्षांत कोमट पाण्याने आणि हलक्या हाताने त्याचे तळवे कुणी चोळले नव्हते. गुदगुल्यांवर मठात विद्याच नाही. पहिल्या बोटाला त्याने सहन केलं. दुसऱ्याला केलं. तिसऱ्या बोटाच्या बेचक्यात माम्बेतचं बोट शिरलं, आणि मयताच्या पोटातून खुदकन हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. दोघे शेजारी तंबूच्या दाराने गेले की भिंतीतून, ते आजही निश्चित सांगता येत नाही.

माम्बेत तेवढा राहिला. हातातलं भांडं खाली न ठेवता तो म्हणाला, "सादिर, हलू नकोस. पाणी सांडतंय." आणि मग दोन क्षणांनी तो खाली बसला.

बुरुलचा धावत आली तेव्हा सादिर रजई गुंडाळून, भिजून, दात वाजवत बसला होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याला वाटलं गळ्यात पडेल. तिने आधी एक थोबाडीत दिली, मग गळ्यात पडली.

"एजे," तो लहानपणी ताईला मारायच्या त्याच हाकेने म्हणाला, "आईसाठी मी निघालोच नव्हतो. तू तिला खोटं सांगत होतीस."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "मी बोलले ते सगळं ऐकलंस?"

"शिंगरापासून."

"बरं झालं. मला पुन्हा म्हणायला नको."

लाल पट्टे परत चढले. ऊन कलायच्या आत लग्न लागलं. कालिपा आपा सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारत होत्या, की मी काय सांगत होते? वैद्ययंत्र येऊन दिलगिरी व्यक्त करून गेलं, पण नोंद महिनाअखेरीखेरीज बदलता येत नाही म्हणालं. जेवायला बसल्यावर सादिरने पहिल्याच वाडग्यावर हात आडवा धरला आणि मठाचा नियम मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुलचाने त्याच्या हातात फावडं दिलं. टेकडीवर आईच्या शेजारी त्याच्यासाठी खणलेला खड्डा तसाच उघडा होता, मेंढरं पडतील. ज्याचा खड्डा त्याने बुजवावा, हे तिचं म्हणणं. सादिर मुकाट्याने गेला. आधी तो बराच वेळ आईजवळ बसला. काय बोलला ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मग उठला, भिक्षूची राखाडी कफनी कमरेला खोचली, आणि मठात शिकवल्याप्रमाणे संथ, एका लयीत, डोळे अर्धे मिटून माती लोटायला लागला.

नेमके त्याच वेळी खालच्या खोऱ्यातले दोन म्हातारे मयताला म्हणून उशिरा येऊन पोचले. त्यांना निम्मीच बातमी कळली होती. टेकडीच्या वळणावर त्यांनी घोडे थांबवले, ते दृश्य डोळे भरून पाहिलं आणि टोप्या काढून आल्या वाटेने परत गेले.

खालच्या खोऱ्यात आजही सांगतात, की पाषाणमठाच्या माणसांची शिस्त विचारूच नका. मेल्यावर दुसऱ्याला त्रास नको म्हणून आपली माती आपणच लोटून घेतात.