अंगठा सहा, करंगळी आठ

फिजिओथेरपीच्या तोंडी परीक्षेत धाकटी बहीण दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर. मणक्यातून निघालेली कोणती नस हातापायांच्या कातडीचा कोणता पट्टा सांभाळते आणि कोणते स्नायू हलवते? या खेपेला गाडी अडली असती, तर अख्खं वर्ष गेलं असतं. म्हणून आदल्या संध्याकाळी तिने दादाचे हातपाय मागून घेतले.

"गुदगुल्या झाल्या तर लाथ मारीन हं," दादा म्हणाला.

"मार की. कोणत्या नसेने मारलीस ते मी सांगेन."

दोन तासांत दादा रंगीत झाला. लाल, हिरवे, निळे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात आकडा. मग तिने ओल्या टॉवेलने घासून पाहिलं. पट्टे चकाकले, इतकंच.

"पेन कुठलं घेतलंस?"

"तुझ्याच बॅगेतलं."

दादा पोहायला शिकवायचा. तलावातल्या तरंगत्या फळ्यांवर नावं घालायला ती पेनं त्याने मुद्दाम शोधून आणली होती. पाण्यात दोन वर्षं टिकणारी.

सकाळी तो तलावात उतरला आणि एका आईने किंचाळून मुलाला बाहेर ओढलं. "अहो, यांना काहीतरी झालंय! अंगावर आकडे उठलेत!"

व्यवस्थापक धावत आले. "डॉक्टरची चिठ्ठी आणा, तोवर सुट्टी."

"साहेब, हे पेन आहे."

"सगळे असंच म्हणतात."

पाच मिनिटांत तलाव रिकामा झाला. उरले नवशिक्यांच्या वर्गातले एक काका. ते शूर वगैरे नव्हते. तीन महिने त्यांनी कठडा सोडला नव्हता, तो आजही सुटेना. दादा त्यांची बोटं एकेक करून सोडवू लागला, तेव्हा काकांनी नाइलाजाने त्याचा हात वाचून काढला.

"हे उलटं आहे. अंगठ्यावर सहा हवा, करंगळीवर आठ."

"काका, आधी बाहेर या."

"आधी दुरुस्त करा."

दादाने घरी फोन लावला. "अगं, उलटं पाठ केलंयस!"

"कोण म्हणालं?"

"आमचे कठड्याचे काका."

दुपारी ती परीक्षेला बसली. गावातल्याच दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकांचे केस अजून ओले होते आणि टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिच्या बोटांवरच्या लाल-हिरव्या डागांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"करंगळीची कातडी?"

"मानेतली आठवी नस, सर."

"नक्की?"

"सकाळपासून नक्की."

परीक्षक खाकरले. "समजा, एखाद्याला कठडा सोडायचाय. बोटं उघडायला कोणती नस?"

"मुख्यतः सातवी."

"ती शाबूत आहे. स्नायू शाबूत आहेत. तरी बोटं उघडत नाहीत. मग?"

तिला उत्तर येत होतं. पंचाईत तीच होती.

"मग दोष नसेत नाही, सर. त्याच्या वर आहे."

"वर म्हणजे?"

"डोक्यात, सर."

परीक्षकांनी टेबलाच्या कडेवरच्या आपल्या बोटांकडे पाहिलं.

"बरोबर," परीक्षक म्हणाले आणि गुण लिहायला त्यांनी टेबलाची कड सोडली. एकाच हाताने.