सहा टेबलं आणि एक गुरुवार

एका वेळी एकच टेबल खेळायचं, असं मी अगदी मनापासून ठरवलं होतं. दुसरं उघडलं ते केवळ पहिल्यावर कंटाळा आला म्हणून. (तिसरं का उघडलं ते आता आठवत नाही.)

गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकतो. मी ऑनलाइन पोकर खेळतो ते खोट्या चिप्सवर. जिंकलो तरी घरात दमडी येत नाही, हरलो तरी दमडी जात नाही. "रविवार जातो ना!" असं आमच्या हिचं म्हणणं आहे, पण ते सोडा.

हा नाद मला लावला माझ्या साडूने. खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन-दोन पत्ते मिळतात. दमदार असले तर खेळायचं, फालतू असले तर टाकून द्यायचं. आता दहा वेळा पत्ते आले की त्यांतल्या आठ वेळा फालतूच येतात. म्हणजे एका टेबलावर बसलेला माणूस बहुतेक वेळ नुसता बसलेलाच असतो, आणि नुसतं बसायचं तर त्यासाठी मला ऑफिस आहे. मी तशी तक्रार केली तेव्हा साडू फोनवर खो-खो हसला.

"साडूभाऊ, एकाच टेबलावर बसलात तर झोपच येणार! मी चार-चार खेळतो."

"चार? अहो, लक्ष कसं राहतं?"

"लक्ष कशाला द्यायचं? शिस्त पाहिजे, शिस्त! फालतू दिसलं की सोडायचं. विचार करायचाच नाही. डोळ्यांनी बघायचं, बोटाने सोडायचं."

हे मला एकदम पटलं. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात कारकून आहे. एका हाताने जन्माचे अर्ज घेतो, दुसऱ्या हाताने मृत्यूचे. एकवीस वर्षांत अदलाबदल फक्त एकदाच झाली (आणि ते आजोबाही नंतर हसले). असा माणूस चार टेबलांना घाबरेल? त्या रविवारी मी सहा उघडली. लॅपटॉपवर चार, टॅबवर पाचवं आणि फोनवर सहावं.

आता नेमका हाच रविवार का, ते सांगतो. आमची ही एका लॅबमध्ये रक्त तपासते. गेल्याच महिन्यात तिला बढती मिळाली. लॅबची नवी शाखा उघडतेय, तिची प्रमुख म्हणून! शाखा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथे बस जात नाही. लॅब गाडी द्यायला तयार, पण लायसन्स हिचं हिने काढायचं, तेही एक तारखेच्या आत. नाहीतर ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी जाणार. आणि ही ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली. एकदा रिव्हर्स घेताना खांबाला टेकली आणि एकदा परीक्षकालाच सीटबेल्टवरून चार शब्द सुनावले. आता परीक्षेची पुढची वेळ मिळवायची, तर साइट उघडणार रविवारी सकाळी अकराला आणि पाच मिनिटांत सगळ्या वेळा संपणार. नेमकी त्याच वेळी हिची ड्रायव्हिंगच्या मास्तरांबरोबर शेवटची प्रॅक्टिस.

निघताना ती दारात थांबली. "अहो, नीट ऐका. बरोबर अकराला साइट उघडेल. अर्ज क्रमांक या चिठ्ठीवर आहे. जी पहिली वेळ दाखवतील, ती घ्यायची."

"घेतली."

"अजून घ्यायची आहे."

"घेतलीच समज गं!"

"एवढं एकच काम आहे. होईल ना?"

एकच? सहा टेबलं सांभाळणाऱ्या माणसाला ही एक काम सांगत होती! मला हसूच आलं. ती मात्र हसली नाही.

साडेदहापर्यंत माझी नुसती घोडदौड चालली होती. सत्ती-दुर्री? सोड! गुलाम-तिर्री? सोड! टॅब टुंग करायचा, फोन थरथरायचा, लॅपटॉप टिकटिक करायचा, आणि माझं बोट इकडून तिकडे नाचत होतं. प्रत्येक टेबलावर विचाराला वीस सेकंद मिळतात. मला दोन पुरत होते. आणि काय सांगू, चार नंबरच्या टेबलावर मोठी स्पर्धा होती, नऊशे चाळीस खेळाडूंची, तिच्यात मी शेवटच्या नऊ जणांत पोचलो! आयुष्यात मी कशातही शेवटच्या नऊ जणांत आलेलो नाही. (शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत आलो होतो, पण तिथे नऊजण दुसऱ्या बाजूने मोजले होते.) मी उभ्यानेच खेळायला लागलो.

अकरा वाजले. मी विसरलो नाही हं! मी बरोबर अकराला साइट उघडली, चिठ्ठीवरचा क्रमांक टाकला आणि ती खिडकी लॅपटॉपच्या कोपऱ्यात, सातव्या टेबलासारखी बसवून दिली. 'रांगेत आपला क्रमांक २१२', असं तिच्यावर आलं. आकडा भराभर उतरत होता. इकडे स्पर्धेत नवाचे आठ झाले, आठाचे सात. सगळीकडे आकडे उतरत होते आणि मी वर चढत होतो!

तेवढ्यात चार नंबरवर मला पत्ते आले. एक्का. आणि... एक्का! एक्क्यांची जोडी! पहिल्या दोन पत्त्यांत याच्यावर काही नाही. माझ्या तोंडून "अगं आई गं!" असा आवाज निघाला. त्याच क्षणी कोपऱ्यातली खिडकी टुंग वाजली. तिरक्या नजरेने मी बघितलं. 'मंगळवार, सकाळी ८. स्वीकारा. सोडा.' खाली वीस सेकंदांचं घड्याळ.

मंगळवार आणि आठ. काही दम नाही त्यात. सोडलं!

चार नंबरवर सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. समोरचा एकजण अडकला! त्यानेही सगळ्या ढकलल्या! आता मधले, सगळ्यांचे सामाईक पाच पत्ते एकेक करून उघडणार. पहिला, दुसरा, तिसरा... परत कोपऱ्यात टुंग. 'गुरुवार, दुपारी २.' आणखी फालतू. सोडलं! चौथा पत्ता, पाचवा पत्ता... जिंकलो! माझ्या चिप्सचा हा एवढा ढीग झाला! मी टाळी वाजवली, आपली आपणच वाजवली, खुर्चीभोवती एक गिरकी घेतली, दोन्ही हात वर करून खिडकीपर्यंत गेलो आणि तिथे मध्येच थबकलो.

गुरुवार?

पत्त्यांत इस्पिक असतं, बदाम असतं, चौकट असतं, किलवर असतं. पत्त्यांत गुरुवार कुठून आला?

मी लॅपटॉपशी परत आलो. कोपऱ्यातल्या खिडकीत लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'या अर्ज क्रमांकावर आता काहीही करता येणार नाही.' मी पुन्हा क्रमांक टाकला. तेच. चिठ्ठी उलटून पाहिली. चिठ्ठीच्या मागे हिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पहिली जी येईल ती.'

बायकोची बढती मी सत्ती-दुर्रीसारखी टाकून दिली होती, आणि तीही दोनदा. सहाही टेबलं टिकटिकत राहिली. मी ढिगाकडे बघितलंसुद्धा नाही. बनियनवर, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात हिची, असा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे धावत सुटलो. सगळ्या गल्लीचे ऑनलाइन अर्ज तोच भरतो.

"परीक्षेची एक वेळ! कुठलीही! रात्री तीनची असली तरी चालेल!"

"साहेब, अकरा वाजून चार मिनिटांनी संपल्या. आता पुढच्या महिन्यात."

"एखादी मागून, ओळखीने...?"

"साहेब, ओळखीने मी जास्तीत जास्त पाठपोट झेरॉक्स काढून देऊ शकतो."

परत येताना मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. एकही धड जुळेना. आणि फाटकाशी पाहतो तर काय, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी! ही स्टिअरिंगवर, बाजूला मास्तर, आणि दोघंही हसतायत. हिला असं हसताना पाहून मला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

"अगं, मला माफ कर," मी खिडकीतूनच सुरुवात केली.

"ते राहू द्या! आधी ऐका! वेळ मिळाली!"

"कसली?"

"परीक्षेची हो! मास्तरांच्या फोनवरून मीच रांगेत उभी राहिले होते. म्हणजे तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही. पण रविवार, घरात तुम्ही एकटे, आणि लॅपटॉप सकाळपासून चार्जिंगला. म्हटलं, असू द्या एक जोड."

"मग त्या साइटने माझा क्रमांक बंद केला तो..."

"मी वेळ घेतली म्हणून! एका अर्जाला एकच मिळते. आणि गंमत ऐका ना, माझा नंबर होता दोनशे तेरा. म्हणजे आशाच नव्हती. पण माझ्या पुढच्याने काय केलं असेल? मंगळवारची सकाळी आठची वेळ सोडून दिली! रस्ता रिकामा, ऊन नाही, गर्दी नाही. सगळ्यात भारी वेळ!"

"असतात बावळट एकेक," मास्तर म्हणाले. "त्याच्या घरच्यांची कीव येते."

दोनशे बारा नंबरचा तो बावळट कोण, हे सांगावं की गिळावं, असा मला क्षणभर प्रश्न पडला. पण मी इतका आनंदलो होतो की माझ्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं. एक्के, मंगळवार, गुरुवार, झेरॉक्सवाला, सगळं. मास्तर खोकल्याचं निमित्त करून दुसरीकडे बघायला लागले. ही गाडी बंद करून उतरली आणि सरळ वर आली. मी मागोमाग.

लॅपटॉपवर स्पर्धा संपली होती. पडद्यावर माझं नाव झळकत होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'दुसरा क्रमांक'. नऊशे चाळिसांत दुसरा! मी नव्हतो तेव्हा मशीन आपोआप माझे पत्ते टाकत राहिलं, माझा ढीग जागच्या जागी बसून राहिला आणि बाकीचे एकमेकांना मारून बाहेर पडले.

"दुसरा!" मी ओरडलोच. "बघ! दुसरा आलो!"

"हे सगळं झालं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"झेरॉक्सवाल्याकडे."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांतल्या चपलांकडे. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट कसलासा मोठा शोध लागल्याचा आनंद होता.

"अहो, आधीच्या दोन्ही परीक्षांना माझ्याबरोबर कोण आलं होतं?"

"मीच की! धीर द्यायला. दोन्ही वेळा समोरच बाकावर बसलो होतो."

"हं," ती म्हणाली. "मंगळवारी घरीच थांबा."

थांबलो. एका झटक्यात पास झाली.