अंबाडीची निःपक्षपाती तपासणी

फोपनारच्या भिकनच्या वावरात बुऱ्हाणपूरच्या अमली पदार्थविरोधी पथकाला गांजाची एकशे बारा झाडे सापडली. झाडे अंबाडीची होती. पाने तशीच दिसतात, त्यात पथकाचा काय दोष? पण तोवर फोटो निघाले होते, बातमी छापून आली होती आणि भिकन आत गेला होता. छापून आलेली गोष्ट खोटी कशी ठरवणार!

धुरपदाबाईने नवऱ्यासाठी आठवडाभर ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. नमुना प्रयोगशाळेच्या रांगेत आहे, एवढेच उत्तर मिळे. मग कळले, की पथकांच्या कामाचीही आता तपासणी होते. शेजारच्या जिल्ह्याचे पथक येऊन यांचे काम तपासते, पुढच्या महिन्यात हे जाऊन त्यांचे तपासतात. बाईला हायसे वाटले. भोळी बिचारी!

परीक्षक नंदकुमार साहेब दोन माणसांना घेऊन वावरात आले. बाईने हात जोडले. "साहेब, गांजा नाही हो, भाजी आहे ती. बांधावर चार झाडं राहिलीत. शिजवून घालते, सच्ची सांगते, खाऊन तर बघा!"

तपासणी निःपक्षपाती हवी, म्हणून साहेब जेवायला बसले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. तिघांनी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि केळीच्या सावलीत तासभर घोरले.

"एकदम घर जैसी भाजी, बाई," साहेब ढेकर देत म्हणाले.

"मग आमच्या यांना सोडतील ना?"

साहेब विचारात पडले. पुढच्या महिन्यात त्यांच्या स्वतःच्या कारवाईची पाळी होती. त्यांनी पकडलेली नशेची पावडर तुरटीची निघाली होती, आणि ती तपासायला बुऱ्हाणपूरचेच पथक येणार होते. त्यांनी अहवाल लिहिला: 'संशयित वनस्पतीचे समितीने स्वतः सेवन केले. चित्त प्रसन्न झाले, तिन्ही सदस्यांस गाढ झोप लागली. सबब वनस्पती गांजाच होय. कारवाई निर्दोष. गुण दहापैकी दहा.'

सरकारी माणसांना कामाच्या वेळेत गांजा खाऊ घातला, म्हणून धुरपदाबाईलाही गाडीत बसवले.

"मेल्यांनो, तुम्हीच मागून घेतली ना दुसऱ्यांदा!" ती ओरडली.

तेही अहवालात गेले: 'व्यसन तात्काळ लागते.'

सकाळी पेपरात मथळा होता: 'नवऱ्यापाठोपाठ बायकोही.' चहा पिता पिता तुम्ही तो वाचलात, मान हलवलीत आणि म्हणालात, "उगाच नाही हो पकडत कोणी."

तपासणीच्या कागदावर तुमची तेवढी एकच सही बाकी होती.